स्ट्रोक्सटाउनची १,४९० माणसं आणि परतीची लाकूडजहाजं

१९७९ साली आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यातल्या स्ट्रोक्सटाउन गावी जिम कॅलरी यांनी तिथला जुना जमीनदारी वाडा आणि भोवतालची जमीन विकत घेतली. कॅलरींचा व्यवसाय ट्रकचा. धंदा वाढवायला जागा हवी होती, एवढंच. वाड्यात मागच्या मालकांचं दप्तर तसंच पडून होतं, आणि ते चाळताना एक अर्ज त्यांच्या हाती लागला. ऑगस्ट १८४६ मध्ये क्लूनाही भागातल्या कुळांनी जमीनदाराकडे केलेला. बटाटे कुजले आहेत, घरात धान्य नाही, पोरंबाळं डोळ्यांदेखत भुकेने तळमळताहेत, त्यांचं रडणं आता फार दिवस ऐकवणार नाही, असा त्याचा मजकूर. देवाच्या किंवा देशाच्या कायद्याविरुद्ध जायची आमची इच्छा नाही, पण भूक तिकडे ढकलू शकते, असंही त्यात अदबीने लिहिलेलं आहे.

कॅलरींनी बेत बदलला. वाडा राखला, दप्तर राखलं, आणि १९९४ मध्ये त्याच आवारात आयर्लंडचं राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय सुरू झालं. पन्नास हजारांहून जास्त कागद आज तिथे आहेत. अर्ज, खंडाच्या वह्या, घरं पाडल्याच्या नोंदी, आणि मे १८४७ मध्ये गावातून कॅनडाला रवाना केलेल्या १,४९० माणसांचा हिशोब.

आयर्लंड आणि कॅनडाच्या नात्याबद्दल लिहिताना सहसा मोठे आकडे पुढे येतात. २०२१ च्या कॅनडाच्या जनगणनेत सुमारे ४४ लाख लोकांनी आपलं मूळ आयरिश असल्याचं नोंदवलं, हा त्यातला एक. आकडा खरा आहे, पण माणसं अटलांटिकच्या पलीकडे पोचली कशी, ते त्यातून कळत नाही. स्ट्रोक्सटाउनच्या दप्तरातून कळतं. एका जमीनदाराचा कर, एका लाकूडजहाजाचं रिकामं पोट आणि एका वसाहतीची अपुरी तजवीज, अशा तीन हिशोबांत ही माणसं सापडली.

आधी जमिनीचं. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती. जमीन मोजक्या जमीनदारांकडे, त्यांच्याखाली मोठी कुळं, त्यांच्याखाली पोटकुळं, आणि तळाला एखाद्या एकराच्या तुकड्यावर बटाटा लावून जगणारी कुटुंबं. ओट आणि गहू पिकायचे, पण ते विकून खंड भरायचा. स्वतः खायला बटाटा. सप्टेंबर १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला आणि १८४६ मध्ये जवळपास सगळं पीक गेलं. आपल्याकडे दुष्काळ म्हटला की लोक आभाळाकडे बघतात. तिथे पावसाला तोटा नव्हता. उलट ओल्या हवेतच हा करपा फोफावतो. शेतातून धान्य निघत होतं आणि बंदरातून बाहेरही जात होतं, फक्त ते पिकवणाऱ्याच्या ताटात येत नव्हतं.

स्ट्रोक्सटाउनची जमीन १८४५ साली मेजर डेनिस माहोन यांच्याकडे वारशाने आली. ११ हजार एकरांहून मोठी जमीनदारी, त्यावर सुमारे १२ हजार माणसं, आणि खंडाची थकबाकी कित्येक वर्षांची. त्यात कायद्याचा एक पेच होता. गरिबांना पोसण्यासाठी जो स्थानिक कर बसायचा, तो ४ पौंड किंवा त्याहून कमी मूल्याच्या जमिनीवर कुळाने न भरता जमीनदाराने भरायचा. म्हणजे ज्या जमिनीवर बारीक तुकडे जास्त, तिचा मालक कर जास्त भरणार. गरीब माणूस नुसता राहत असला तरी जमीनदाराच्या वहीत तो खर्चाच्या बाजूला पडत होता.

माहोन यांनी कारभारासाठी आपले नातलग जॉन रॉस माहोन यांना नेमलं. या कारभाऱ्याने डब्लिनमधून सरळ हिशोब मांडला. या कुळांना गरीबघरात वर्षभर पोसायला जितका कर भरावा लागेल, त्याच्या जवळपास निम्म्या पैशांत त्यांना क्यूबेकला पाठवता येईल. पोसायचा खर्च दरसाल, पाठवायचा एकदाच. मेजरना सुरुवातीला हे पटत नव्हतं, पण शेवटी त्यांनी होकार दिला. १८४६ चा अर्ज आणि १८४७ चा हा हिशोब एकाच दप्तरात आहेत. अर्जात पोरांचं रडणं आहे, हिशोबात फक्त पौंड. दोन्ही वाचल्यावर मला राग येतो, आणि तो दडवायची गरज वाटत नाही.

आता क्यूबेकच का? न्यूयॉर्क का नाही? इथे व्यापार येतो.

नेपोलियनच्या काळात, १८०६ पासून पुढे, बाल्टिक समुद्राकडून ब्रिटनला मिळणाऱ्या लाकडाची कोंडी झाली. नौदलाला डोलकाठ्या हव्या होत्या, शहरांना वासे हवे होते. ब्रिटनने बाल्टिकच्या लाकडावर जबर जकात बसवली आणि कॅनडाच्या लाकडाला सवलत दिली. ओटावा नदीच्या खोऱ्यातला उंचच उंच पाइन हिवाळ्यात तोडायचा, कुऱ्हाडीने चौकोनी तासायचा, बर्फ वितळलं की त्याचे तराफे बांधून नदीतून क्यूबेकला आणायचे आणि तिथून जहाजात भरायचे. या जंगलांत आणि क्यूबेकच्या गोद्यांत आयरिश मजूर पुष्कळ होते, तेही दुष्काळाच्या कितीतरी आधीपासून.

लाकूड अवजड माल. लिव्हरपूलला किंवा लिमरिकला जहाज रिकामं झालं की परत जाताना तेवढा माल मिळायचा नाही, कारण वसाहतीची खरेदी त्या मानाने थोडी. रिकामं जहाज समुद्रात डगमगतं, म्हणून पोटात दगड-वाळू भरायची. दगडाचं भाडं कोण देणार? मालकांनी त्या जागी माणसं भरायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावर कच्च्या फळ्या ठोकून सहा फूट लांब, सहा फूट रुंद असे खण करायचे. एका खणात चार मोठी माणसं. क्यूबेक आलं की फळ्या उखडून टाकायच्या, जागा धुवायची आणि पुन्हा पाइनच्या तुळया चढवायच्या. त्याच पोटातून पूर्वेकडे लाकूड यायचं आणि पश्चिमेकडे माणूस जायचा. क्यूबेकचं भाडं इतकं स्वस्त का, ते या फळ्यांवरून कळतं.

१८४७ मध्ये अमेरिकेने प्रवासी-जहाजांचे नियम कडक केले, न्यूयॉर्कचं भाडं वाढलं. ब्रिटिश नियमाने दर पाच टनांमागे तीन प्रवासी चालायचे, अमेरिकेच्या नियमाने दोन. ज्यांच्याकडे पैसा नव्हता, किंवा ज्यांचं भाडं दुसरा कोणी कमीत कमी पैशांत उरकू पाहत होता, ती सगळी गर्दी कॅनडाकडे वळली. त्या एका वर्षात सुमारे १ लाख लोक ब्रिटिश उत्तर अमेरिकेकडे निघाले.

स्ट्रोक्सटाउनचे १,४९० जण मे महिन्यात पायी निघाले. वाट रॉयल कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत, सुमारे १६५ किलोमीटर. सोबत जमीनदारीचा एक अंमलदार होता, कारण सगळे खरोखर जहाजात चढले याची खात्री करायची होती. शेजारच्या पाण्यातून डब्लिनकडे मालाच्या होड्या जायच्या. डब्लिनहून बोटीने लिव्हरपूल आणि तिथून चार जहाजं: व्हर्जिनियस, नेओमी, एरिन्स क्वीन आणि जॉन मन.

व्हर्जिनियस २८ मे रोजी निघालं आणि ६३ दिवसांनी सेंट लॉरेन्स नदीतल्या क्वारंटाइनच्या बेटाशी पोचलं. ४७६ प्रवाशांपैकी १५८ समुद्रातच गेले, १०६ जण उतरताना आजारी होते. कप्तान आणि त्याचे सहायकही तापातून सुटले नाहीत. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने सरकारला लिहिलं की जे चालत डेकवर आले तेही गाल बसलेले, पिवळे पडलेले, भुतांसारखे दिसत होते, आणि त्यांच्यात खरोखर धड म्हणावेत असे सहा-आठच. चारही जहाजांचं मिळून पाहिलं तर निघालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक वाटेत किंवा पोचल्यावर मेले, असं अभ्यासक मानतात.

तो अधिकारी म्हणजे डॉ. जॉर्ज डग्लस, आणि ते बेट ग्रोस ईल, क्यूबेक शहराच्या खाली नदीत सुमारे ४८ किलोमीटरवर. १८३२ च्या पटकीच्या साथीत तिथे क्वारंटाइन सुरू झालं होतं. १८४७ च्या हंगामाआधी डग्लस यांनी जास्तीचा पैसा मागितला होता, मिळाला त्याचा लहानसा भाग. इस्पितळात जागा सुमारे २०० रुग्णांची. मेच्या मध्याला लिव्हरपूलहून सीरिया नावाचं पहिलं तापाचं जहाज आलं. बेटावरचा त्या वर्षीचा पहिला मृत्यू एलेन केन या चार वर्षांच्या मुलीचा. महिना संपायच्या आत सुमारे चाळीस जहाजं नदीत एकामागे एक नांगर टाकून उभी होती. जागा नाही म्हणून तापाने फणफणलेले आणि धडधाकट एकाच अंधाऱ्या मजल्यावर दिवसच्या दिवस अडकून पडले.

हा ताप टायफस. तो उवांमधून पसरतो हे कळायला १९०९ साल उजाडलं. त्यामुळे बेटावरची तपासणी म्हणजे जीभ बघायची, कपाळाला हात लावायचा, आणि धड वाटेल त्याला बोटीत बसवून पुढे मॉन्ट्रियलला पाठवायचं. अंगात रोग मुरत असलेली माणसं अशी पुढच्या शहरांत पोचली. डग्लस यांना दोष द्यायला मन धजत नाही. हाताशी जेवढं होतं तेवढ्यात ते राबले, आणि त्या उन्हाळ्यात बेटावर सेवा करणाऱ्या डॉक्टरांपैकी चौघे तापाने गेले. १८४७ च्या एका हंगामात तिथे पुरलेल्यांची संख्या पाच हजारांच्या वर आहे.

मॉन्ट्रियलमध्ये सुमारे सहा हजार मेले. ग्रे नन्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जोगिणी नदीकाठच्या शेडमध्ये रुग्णांची सेवा करत होत्या. शहराचे महापौर जॉन ईस्टन मिल्स स्वतः शुश्रूषेला जात, तेही नोव्हेंबरमध्ये त्याच तापाने गेले. टोरांटोची वस्ती तेव्हा वीस हजारांच्या आसपास, आणि त्या उन्हाळ्यात तिथे ३८ हजारांहून जास्त स्थलांतरित उतरले. तिथले कॅथलिक बिशप मायकेल पॉवर रुग्णांजवळ जात राहिले आणि १ ऑक्टोबरला त्यांचाही अंत झाला. ज्यांनी या लोकांना बोलावलं नव्हतं, ज्यांच्या खजिन्यावर हा भार अचानक येऊन पडला होता, त्यांच्यातलीच ही माणसं.

कॅनडाचे गव्हर्नर जनरल तेव्हा लॉर्ड एल्गिन होते, आणि आयर्लंडच्या मदतीचा पैसा लंडनच्या तिजोरीतून सोडणारे अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन. ही दोन्ही नावं आपल्या इतिहासातही आहेत. एल्गिन १८६२ मध्ये हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले आणि पुढच्या वर्षी धरमशाळेत वारले. ट्रेव्हेलियन आधी मद्रासचे गव्हर्नर होते, मग १८६३ पासून कलकत्त्याच्या सरकारात अर्थखातं सांभाळू लागले. आयर्लंडमधला दुष्काळ आणि कॅनडातली साथ ज्यांच्या कागदांवरून गेली, तेच दोघे काही महिने एकाच हिंदुस्थान सरकारात होते. पुढे १८७६ ते ७८ मध्ये दख्खनेत दुष्काळ पडला तेव्हा मदत किती द्यायची, मजुरी किती ठेवायची आणि बाजारात हात घालायचा की नाही यावर जो वाद झाला, तो वाचताना आयर्लंडची भाषा पुन्हा पुन्हा कानावर येते.

स्ट्रोक्सटाउनकडे परत येऊ. जहाजांवर काय झालं त्याच्या बातम्या हळूहळू गावात पोचल्या. इकडे राहिलेल्यांना जमिनीवरून काढणं चालूच होतं. घरांची छपरं उतरवली जात होती. २ नोव्हेंबर १८४७ च्या संध्याकाळी मेजर माहोन रॉसकॉमनहून गरीबघराच्या मंडळाची बैठक आटोपून परतत होते. वाटेत त्यांच्यावर गोळी झाडली गेली आणि ते जागीच ठार झाले. लंडनच्या संसदेत खळबळ उडाली. दोघांना पुढच्या वर्षी फाशी झाली. खुनामागे जहाजं होती की बेदखली, यावर अजून वाद आहे. त्या गावात त्या साली या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत होत्या, असं मला तरी वाटत नाही.

अनाथ मुलांचं काय झालं, हा या प्रकरणाचा सगळ्यात जवळचा भाग. बेटावरून आलेल्या शेकडो मुलांना क्यूबेकच्या पाद्र्यांनी गावोगाव नेलं आणि फ्रेंच बोलणाऱ्या शेतकरी घरांनी त्यांना ठेवून घेतलं. स्ट्रोक्सटाउनजवळच्या लिसोनफीतून निघालेल्या एका कुटुंबात विधवा आई मेरी टाय, तिची पाच मुलं आणि मुलांचा मामा होता. नेओमी जहाजातून ते निघाले. शेवटी उरले दोघंच, बारा वर्षांचा डॅनियल आणि त्याची धाकटी बहीण कॅथरीन. घराण्यात जपलेली हकिगत अशी: लोटबिनिएर भागातल्या कुलोंब नावाच्या शेतकरी जोडप्याला शेतावर मदतीला एक मुलगा हवा होता. डॅनियलला न्यायचं ठरलं, पण भावंडांनी एकमेकांना सोडलंच नाही. इतकी रडारड झाली की जोडप्याने दोघांनाही गाडीत घेतलं.

कुलोंबांना मूल नव्हतं. शेत पुढे डॅनियलकडे आलं. आडनावाचं स्पेलिंग बदललं, घरातली भाषा फ्रेंच झाली, आडनाव मात्र टायच राहिलं. दत्तक घेणाऱ्यांनी मुलांवर स्वतःचं नाव लादलं नाही, ही गोष्ट क्यूबेकमधल्या अनेक आयरिश घराण्यांत आजही कृतज्ञतेने सांगितली जाते. आपल्याकडे दत्तकविधान म्हटलं की गोत्र आणि नाव बदलतंच, त्यामुळे मला याचं विशेष वाटलं.

आता आठवणींबद्दल, कारण इथे दोन्ही देशांचं नातं खऱ्या अर्थाने घासून बघितलं गेलं. १८५९ मध्ये मॉन्ट्रियलच्या व्हिक्टोरिया पुलाचं काम चालू असताना मजुरांना, ज्यांत अनेक आयरिश होते, जुन्या दफनभूमीचे अवशेष लागले. त्यांनी नदीच्या तळातला एक प्रचंड खडक आणून तिथे उभा केला, कबरी कोणी उकरू नयेत म्हणून. काळा खडक या नावाने तो अजून उभा आहे, रहदारीच्या रस्त्याच्या मधोमध. २०१९ मध्ये त्याच्याजवळ मेट्रो मार्गाचं खोदकाम होताना पुन्हा मानवी अवशेष निघाले.

ग्रोस ईलवर १९०९ साली अमेरिकेतल्या आयरिश संघटनेने सुमारे १४ मीटर उंचीचा दगडी केल्टिक क्रॉस उभारला. त्यावर इंग्रजी, फ्रेंच आणि आयरिश अशा तीन भाषांत मजकूर आहे, आणि तो सारखा नाही. इंग्रजीत लिहिलंय की श्रद्धा राखण्यासाठी या लोकांनी भूक आणि वनवास सोसला आणि इथे त्यांची यात्रा संपली. आयरिशमध्ये लिहिलंय की परकीय जुलमी सत्तेचे कायदे आणि कृत्रिम दुष्काळ यांपासून पळालेली ही लेकरं हजारोंनी इथे मेली. तेव्हा कॅनडा ब्रिटिश साम्राज्यात होता. जे इंग्रजीत कोरता येत नव्हतं ते आपल्या भाषेत कोरलं गेलं. एका दगडाच्या तीन बाजू वाचायला तीन माणसं लागावीत, अशी ती रचना.

१९९० च्या दशकात कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने बेटाचा आराखडा मांडला तेव्हा त्याचा सूर होता ‘आशेची भूमी कॅनडा’. सगळ्या देशांतून आलेल्या स्थलांतरितांची गोष्ट, त्यात आयरिशही. आयरिश वंशाचे लोक जाहीर सुनावण्यांत उभे राहिले. हजारो माणसं जिथे पुरली आहेत तिथे आशेच्या नावाखाली दुष्काळ झाकू नका, असं त्यांचं म्हणणं. १९९४ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन बेटावर येऊन गेल्या. त्यांनीच त्याच वर्षी स्ट्रोक्सटाउनचं संग्रहालय खुलं केलं होतं. १९९६ मध्ये सरकारने बेटाच्या नावातच आयरिश स्मारक हे शब्द घातले आणि १९९८ मध्ये तिथे नवं स्मारक झालं. खात्याने ऐकलं, ही चांगली गोष्ट. पण लोकांनी आवाज केला नसता तर बोर्डावर वेगळंच नाव असतं.

आयर्लंडमध्ये त्या १,४९० जणांची वाट आता कालव्याकाठची पदयात्रा झाली आहे. संग्रहालयाच्या दारापासून डब्लिनच्या धक्क्यापर्यंत वाटेत ठिकठिकाणी मुलांच्या बुटांची लहान कांस्यशिल्पं बसवली आहेत, फीत एकत्र बांधलेले जोड. माणसांचे चेहरे घडवले असते तर ते कुणाचे म्हणून? बुटांत ती अडचण नाही. तसेच जोड आता कॅनडातही बसवले जात आहेत.

२०१३ साली डॅनियल टायचा एक वंशज क्यूबेकहून स्ट्रोक्सटाउनला आला. १६६ वर्षांनी त्या घरातलं पहिलं माणूस परत. लोक त्याला लिसोनफीला घेऊन गेले, जिथून मेरी टाय पाच मुलं आणि भाऊ घेऊन कालव्याकडे निघाली होती. लोटबिनिएरचं शेत मात्र घराण्यातच पुढे चालत राहिलं, डॅनियलच्या नातवाने तेच कसलं, आणि बहीणभावाला एका गाडीत बसवून आणल्याची गोष्ट त्यानेच फ्रेंचमधून पुढच्या पिढीला सांगितली.